रक्तक्षय आहे, पण लोह कमी नाही: एन्झाइमच्या कमतरतेचा छडा कसा लावावा

हिमोग्लोबिन कमी आलं की बरेच जण परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करतात. पण काहींच्या शरीरात लोह पुरेसं असतं, लाल पेशीही भरपूर तयार होतात, फक्त त्या मुदतीआधीच फुटतात. यामागे एखाद्या एन्झाइमची, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची, आनुवंशिक कमतरता असू शकते. तसं असेल तर लोहाचा उपयोग नाही, उलट काही वेळा ते अंगात साठून त्रासच होतो.

१. कोणतं एन्झाइम, ते समजून घ्या

लाल पेशीला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम बनवता येत नाही. सोबत मिळालेल्या शिदोरीवरच तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात. जी६पीडी हे एन्झाइम तिला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवतं. ते कमी असलेला माणूस बहुधा ठणठणीत असतो, पण एखादं निमित्त घडलं की पेशी झपाट्याने फुटतात. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता आहे आणि त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. पायरुवेट कायनेज या लाल पेशीला ऊर्जा मिळवून देणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमची कमतरता मात्र दुर्मीळ. तिच्यात पेशी रोजच थोड्याथोड्या फुटत राहतात, म्हणून प्लीहा वाढते आणि पित्ताचे खडे होतात.

२. मागचे तीन दिवस आठवा

जी६पीडीचा झटका निमित्त घडल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत येतो. लघवी गडद तांबूस किंवा काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, पाठ दुखते, चार पावलं चालूनही धाप लागते. या काळात ताप किंवा जंतुसंसर्ग झाला होता का, कोणतं नवं औषध घेतलं, बाकला म्हणजे फावा बीन्स खाण्यात आल्या का, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. औषधांचं नाव सगळ्यांच्या तोंडी असलं, तरी जंतुसंसर्ग हेही अगदी नेहमीचं कारण आहे. लघवीचा रंग असा बदलला असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

३. रिपोर्टमधले आकडे एकत्र वाचा

हिमोग्लोबिन कमी, पण रेटिक्युलोसाइट म्हणजे कोवळ्या पेशी जास्त. एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात उतरणारं एन्झाइम) आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन (हिमोग्लोबिन मोडून बनणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन (रक्तात सुटलेलं हिमोग्लोबिन पकडणारं प्रथिन) घटलेलं. हे सगळं एकत्र दिसलं तर पेशी फुटताहेत असं समजायचं. लाल पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह असेल तर अँटिबॉडीमुळे पेशी फुटत असण्याची शक्यता बरीच मागे पडते. जी६पीडीच्या झटक्यात सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींची कड चावा घेतल्यासारखी तुटलेली दिसते.

४. एन्झाइमची चाचणी कधी केली, ते विचारा

खरी गफलत इथेच होते. झटक्यात सगळ्यात आधी जुन्या पेशी फुटतात, कारण त्यांच्यातलं एन्झाइम जवळपास संपलेलं असतं. मागे राहतात त्या कोवळ्या पेशी आणि त्यांच्यात ते तुलनेने जास्त असतं. त्यामुळे ऐन झटक्यात केलेली जी६पीडीची चाचणी चक्क ‘नॉर्मल’ येऊ शकते. नुकतंच रक्त चढवलं असेल तर रक्तदात्याच्या पेशींमुळेही रिपोर्ट फसवा येतो. म्हणून शंका दाट असेल तर साधारण तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्यावी. एकदा नॉर्मल आली म्हणून विषय मिटवू नका.

५. टाळायच्या औषधांची यादी डॉक्टरांकडूनच घ्या

प्रायमाक्विन या मलेरियाच्या औषधाने काहींचं रक्त का फुटतं, याचा शोध घेताना १९५६ मध्ये जी६पीडीची कमतरता उघडकीस आली. डॅप्सोन, रॅसब्युरिकेज, मिथिलिन ब्लू, टॅफेनोक्विन ही नावंही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. इंटरनेटवरच्या लांबलचक याद्यांनी मात्र घाबरून जाऊ नका. नेहमीच्या डोसमधलं पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. कपड्यांत ठेवायच्या नॅप्थलिनच्या गोळ्या घरात नकोत. निदानाची चिठ्ठी पाकिटात असू द्या.

६. घरातल्यांचा विचार करा

जी६पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्यामुळे बाधित वडिलांकडून ते मुलाकडे जात नाही, मुलीकडे मात्र जातंच. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला ही कमतरता असण्याची शक्यता निम्मी. वाहक स्त्रियांनाही त्रास होऊ शकतो, हे अनेकदा विसरलं जातं. पायरुवेट कायनेजच्या बाबतीत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं.

७. उपचाराबद्दल

जी६पीडीच्या झटक्यात निमित्त दूर करणं आणि गरज पडली तर रक्त देणं, एवढंच बहुधा पुरतं. पायरुवेट कायनेजसाठी फॉलिक ॲसिड, रक्त, कधी प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया लागते. २०२२ पासून प्रौढांसाठी मिटापिव्हॅट हे तोंडाने घ्यायचं औषधही आलं आहे. घरात कुणाला जी६पीडीची कमतरता असेल तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. ही कमतरता असलेल्या नवजात बाळाची कावीळ वेगाने वाढू शकते आणि वेळेत प्रकाशोपचार मिळाले नाहीत तर बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचून कायमची इजा होऊ शकते.