जुनं युनिक्स वर्कस्टेशन की नवा पीसी? तुलना करताना या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीत पॅटर्न आणि डायचं डिझाइन करणारे बरेच जण मला विचारतात: कोपऱ्यातलं सन कंपनीचं युनिक्सवालं वर्कस्टेशन (डिझाइनच्या जड कामाचा संगणक) अजून चालतंय, ठेवू की पीसी घेऊ? तुलना कशी केली म्हणून विचारलं, तर बहुतेकांनी मेगाहर्ट्झच पाहिलेले असतात.

मेगाहर्ट्झ म्हणजे नुसते घड्याळाचे ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं, ते प्रोसेसरच्या रचनेवर ठरतं. १९९५ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या पेंटियम प्रोनं स्पेक या वेगाच्या प्रमाणित चाचणीत, पूर्णांकांच्या गणितात, वर्कस्टेशनमधल्या भल्याभल्या रिस्क प्रोसेसरना गाठलं, पण फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे दशांश आकड्यांच्या, गणितात तो मागेच राहिला. हिशेबाच्या कामाला पूर्णांकांचा आकडा बघायचा, कास्टिंगच्या सिम्युलेशनला फ्लोटिंग पॉइंटचा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःचंच काम दोन्हीकडं चालवणं. रोजचं एखादं मॉडेल घ्या, मशीनवर दुसरं काही चालू नाही हे पाहा आणि कमांडच्या आधी टाइम (time) हा शब्द टाइप करा. रिअल (घड्याळानं लागलेला एकूण वेळ), युजर आणि सिस (प्रोसेसर प्रत्यक्ष राबला तो वेळ) असे तीन आकडे येतील. समजा रिअल ४० मिनिटं आणि बाकी दोन्ही मिळून १२. म्हणजे एका कोअरवरच्या कामात २८ मिनिटं प्रोसेसर नुसता वाट बघत होता. अशा वेळी महागडा प्रोसेसर घेणं म्हणजे पैसे कृष्णेत टाकणं. प्रोसेसर कशाची वाट बघतो ते कळायला मेमरीची हालचाल दाखवणारी व्हीएमस्टॅट ही कमांड चालवा. लिनक्सवर एसआय-एसओ, सोलॅरिसवर (सनच्या युनिक्सवर) एसआर या रकान्यात सतत आकडे दिसत असतील तर रॅम कमी पडतेय. रॅम वाढवा आणि परत मोजा.

खर्चात लोक पीसीचा नुसता डबा धरतात. यूपीएस, ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम, सॉफ्टवेअरचं लायसन्स, सगळं एकाच कागदावर मांडा. वीजही धरा: ३०० वॅटचं मशीन रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस चाललं तर ७२० युनिट होतात.

जुनं मशीन ठेवणार असाल तर एक गोष्ट आजच करा: त्याचा होस्ट आयडी (मशीनचा ओळख क्रमांक) आणि इथरनेट पत्ता (नेटवर्कवरचा पत्ता) वहीत लिहून ठेवा. सनच्या स्पार्कस्टेशन या वर्कस्टेशनचा होस्ट आयडी एनव्हीरॅम या मेमरी चिपमध्ये असतो आणि त्या चिपची बॅटरी आतच बसवलेली असते; ती संपली की मशीन बंद असताना आयडी पुसला जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ओळखीच्या एका कारखान्यातलं मशीन काही दिवस बंद होतं. परत चालू केल्यावर आयडीप्रॉम (ओळख क्रमांकाची नोंद) अवैध असल्याचा संदेश आला आणि होस्ट आयडीला बांधलेलं लायसन्स उघडेना. मशीन धडधाकट, पण काम ठप्प. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण होस्ट आयडी आणि इथरनेट पत्ता वहीत लिहिलेला असता तर सोलॅरिस सुरू होण्याआधीच्या ओके प्रॉम्प्टवरून परत भरता आला असता.

डेटा हलवतानाही जपा. सनच्या स्पार्क प्रोसेसरवर एका आकड्यातल्या बाइटचा क्रम पीसीतल्या इंटेलच्या उलटा असतो. फोर्ट्रान भाषेतल्या प्रोग्रॅमच्या बायनरी फाइली पीसीवर उघडून भलतेच आकडे दिसले, तर फाइल खराब झाली म्हणून पुसू नका. बाइटचा क्रम उलटून वाचा, आकडे जागेवर येतील.