जुना निकॉन डी७०० की खिशातला सोनी आरएक्स१००? घरच्या घरी तुलना करायची रीत

जुना प्रोफेशनल डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घ्यावा की चांगला छोटा कॉम्पॅक्ट, असं विचारणारे बहुतेक जण मेगापिक्सेलपासून सुरुवात करतात. २००८चा निकॉन डी७०० बारा मेगापिक्सेलचा, २०१२चा सोनी आरएक्स१०० वीस मेगापिक्सेलचा, म्हणजे नवा सरस. एवढ्यावर निर्णय घेतलात तर पैसे वाया जायची शक्यता बरीच आहे. माझ्याकडे हे दोन्ही कॅमेरे आहेत. लग्नं, बारशी, तालमीतल्या कुस्त्या, जोतिबाची यात्रा असं माझं काम कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत चालतं, आणि दोघांनाही मी पोटापाण्यासाठी राबवते. तेव्हा ही जोडी समोर ठेवूनच सांगते. तुमच्याकडे कॅननचा जुना ५डी आणि दुसरा एखादा कॉम्पॅक्ट असेल तरी रीत हीच.

आधी दोन्ही कॅमेऱ्यांची तब्येत बघा, कारण आजारी कॅमेऱ्याशी केलेली तुलना फुकट जाते. डी७००च्या शटरची चाचणी निकॉनने दीड लाख क्लिकपर्यंत केलेली होती. आधीच्या मालकाने किती क्लिक केलेत तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. ताजा फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्या आणि एक्झिफ (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती) वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शटर काउंट शोधा. पकडीचं रबर फुगून सुटलंय का, तेही पाहा. या वयाच्या निकॉनमध्ये ते हमखास दिसतं, पण ते नवं चिकटवता येतं, त्यापायी सौदा मोडू नका. दोन्ही कॅमेऱ्यांनी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, जमेल तेवढं बारीक करून मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, धूळ आहे. डी७००ची धूळ साफ करता येते, आरएक्स१००ची काढायला कॅमेरा उघडावा लागतो. लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून आरपार बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. तशी दिसली तर ती लेन्स नकोच.

आता मुख्य चाचणी. एक गोष्ट सोयीची आहे: दोन्ही कॅमेऱ्यांचा फोटो तीनास दोन या प्रमाणातला आहे, त्यामुळे चौकट तंतोतंत जुळवता येते. दोन्हीकडे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) लावा, व्हाइट बॅलन्स (रंग उजेडाशी जुळवायचं सेटिंग) एकच ठेवा आणि कॅमेरे एकाच जागी ट्रायपॉडवर लावा. चौकट स्क्रीनवर जुळवा. डी७००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोचा ९५ टक्केच भाग दिसतो, त्यामुळे त्यातून बघून जुळवलं तर कडेला जास्तीचं काही येतं. शटरचा वेग दोन्हीकडे सारखा ठेवा. ॲपर्चर मात्र ज्याचं त्याचं, जेवढं उघडेल तेवढं, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) उजेडाप्रमाणे. बरेच जण इथे दोन्हींचा आयएसओ एकच ठेवून तुलना करतात. त्यातून सेन्सर कळतो, कॅमेरा कळत नाही. प्रत्यक्ष काम करताना कोणीही आयएसओ आधी ठरवून बसत नाही.

यामागचं गणित एकदा समजून घ्या. डी७००चा सेन्सर जवळजवळ ३६ बाय २४ मिलिमीटर, आरएक्स१००चा १३.२ बाय ८.८. क्षेत्रफळ काढलं तर मोठा साडेसात पट भरतो, म्हणजे तीन स्टॉपला थोडं कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. पण छोट्याची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ १.८ पर्यंत उघडते (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी). सेन्सरच्या लांबी-रुंदीतला फरक २.७ पट आहे, त्याने गुणलं की डी७००च्या हिशोबात ती एफ ४.९ झाली. आणि डी७००वर लोक लावतात काय, तर बहुधा २४-१२० एफ ४ सारखी झूम लेन्स. एफ ४ आणि एफ ४.९ मध्ये जेमतेम अर्ध्या स्टॉपचं अंतर! म्हणजे वाइडला, दिवाणखान्यात, घरच्या माणसांचा फोटो काढताना हा खिशातला कॅमेरा त्या धुडाच्या अगदी जवळ येऊन बसतो.

झूम करा, आणि चित्र पालटतं. शंभर मिलिमीटरच्या टोकाला आरएक्स१००ची लेन्स एफ ४.९ पर्यंतच उघडते. २.७ ने गुणलं की एफ १३. समोर डी७०० अजून एफ ४ वरच आहे. आता अंतर साडेतीन स्टॉपच्या आसपास गेलं. म्हणून चाचणी दोनदा करायची, एकदा वाइडला आणि एकदा टेलीला (पूर्ण झूम करून), आणि दोन्हींचे निकाल वेगळे लिहून ठेवायचे. या दोन आकड्यांची सरासरी काढलीत तर हाती काहीच लागणार नाही.

तालमीतलं उदाहरण देते. आमच्या पेठेतल्या तालमीत संध्याकाळच्या सरावाला छताला दोन ट्यूब असतात, खाली लाल माती, भिंती काळवंडलेल्या. पट लागतो, म्हणजे एक पैलवान दुसऱ्याचे पाय धरतो, तो क्षण टिपायचा तर शटर १/२५० सेकंद हवंच. एफ ४ ला डी७००चा आयएसओ ६४०० जातो. आरएक्स१०० वाइडला एफ १.८ वर १२५० मध्ये भागवतो. आखाड्याच्या काठाशी जाऊन दोन्हींनी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशातला, हे सांगायला मलाही निरखून बघावं लागतं. आता काठावरून मागे सरकून पैलवानाच्या चेहऱ्यावर झूम करा. डी७०० ६४०० वरच राहतो. आरएक्स१००ला जवळपास दहा हजार आयएसओ हवा, आणि एका क्लिकचा फोटो काढताना त्याची मर्यादा ६४०० आहे. मग शटर हळू होतं आणि हात, मान, माती सगळं फिसकटतं. डी७००वर ५० मिलिमीटर एफ १.८ ही साधी लेन्स लावलीत तर तुलना करायचं कारणच उरत नाही. तिथे त्याचा आयएसओ १२५० वर येतो आणि मातीचा कण न् कण दिसतो.

ट्यूबखाली एक काळजी घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी चोक असलेली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. १/२५० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट आणि दबलेला येतो. दोष कॅमेऱ्याचा नसतो. प्रत्येक सेटिंगला लागोपाठ बरेच फोटो घ्या आणि सारख्या उजेडाचे निवडून मगच शेजारी लावा.

फोटो बघायचे कसे, हेही काढण्याइतकंच महत्त्वाचं आहे. स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून बघू नका. वीस मेगापिक्सेलचा फोटो तिथे जास्त फुगतो आणि त्याचा नॉइज (आयएसओ वाढवल्यावर येणारे दाणे) उगाच जास्त दिसतो. दोन्ही फाइल ३६०० बाय २४०० पिक्सेलला आणा आणि लॅबमधून बारा बाय आठच्या प्रिंट काढून घ्या. मागे पेन्सिलने खूण करा, पत्ते पिसावे तशा मिसळा आणि घरातल्या, पण कॅमेऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात द्या. 'कुठला बरा दिसतो?' एवढंच विचारा. माझी आई नॉइज कधीच पाहत नाही, चेहऱ्याचा रंग पाहते, आणि गिऱ्हाईकही तेच पाहतं.

उजेड भरपूर असेल तेव्हाही हीच प्रिंटची चाचणी करा, कारण तिथे निकाल वेगळा लागतो. सेन्सरची चाचणी घेणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत अंधारातल्या कामाचा आकडा डी७००ला २३०३ आणि आरएक्स१००ला ३९० आहे, म्हणजे अडीच स्टॉपचा फरक. पण डायनॅमिक रेंज (सर्वांत गडद सावलीपासून सर्वांत उजळ भागापर्यंत किती स्टॉप टिपता येतात) १२.२ आणि १२.४ आहे, जवळजवळ सारखी. रंकाळ्याच्या काठावर सकाळी काढलेल्या फोटोत सावल्या उचलायला छोटा कुठेही कमी पडत नाही, आणि मोठी प्रिंट काढायची तर त्याचे जास्तीचे पिक्सेल खरोखर कामी येतात. उन्हातल्या, न हलणाऱ्या गोष्टींसाठी कोणी डी७०० घेऊ लागलं तर मी थांबवते.

आता वेगाची परीक्षा. दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करा, कॅमेरा त्यावर रोखा आणि ५.०० दिसताक्षणी बटण दाबा. फोटोत किती वेळ आला ते लिहून ठेवा. आधी बटण अर्धं दाबून, फोकस धरून, असे दहाएक फोटो घ्या, मग एकदम पूर्ण दाबून. तुमच्या बोटाला लागणारा उशीर दोन्हीकडे तोच, म्हणजे उरलेला फरक कॅमेऱ्याचा. डी७००चा शटर लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा उशीर, फोकस धरलेला असताना ४० मिलिसेकंदांचा आहे, एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाएवढा. अर्धं दाबलेल्या फेरीत छोटाही लाज राखतो. एकदम दाबलेल्या फेरीत, आणि त्यातही कमी उजेडात, त्याचा फोकस पुढे-मागे घुटमळतो. अक्षता पडायचा क्षण, बाळाचं नाव कानात सांगितल्यावर आत्याच्या पाठीवर पडणारे धपाटे, हे क्षण पुन्हा येत नाहीत. असल्या कामाला मी डी७००च नेते.

छोट्याची बाजूही नीट तपासा, ती लोकांच्या लक्षात येत नाही. त्याचं शटर लेन्समध्येच असल्यामुळे फ्लॅश १/२००० च्या शटरपर्यंत चालतो, डी७००चा साध्या रीतीने १/२५० पर्यंत. भर दुपारी अंगणात नवरीच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, तिथे आरएक्स१००चा इवलासा फ्लॅश उन्हाशी झुंज देऊ शकतो. दोन्हींनी एकच चेहरा बारा वाजता काढून बघा. दागिन्यांचंही तसंच. कोल्हापुरी साजातली पानं वेगवेगळ्या आकाराची आणि पातळीची असतात, आणि सगळी एकदम फोकसमध्ये हवी असतात. छोट्या सेन्सरमुळे आरएक्स१००ला एफ ५.६ वर फोकसची जी खोली मिळते, तिच्यासाठी डी७००ला एफ १५ च्या आसपास जावं लागतं. वाइडला तो पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, पण तेवढं जाऊ नका, कॅमेऱ्याचीच सावली साजावर पडते.

आणि आवाज. दोन्ही कॅमेरे घेऊन शांत खोलीत क्लिक करा. डी७००चा आरसा खट्‌कन वाजतो. आरएक्स१००ची शिट्टी सेटिंगमधून बंद केली की शेजारच्याला पत्ता लागत नाही. तालमीतले वस्ताद मला म्हणतात, "ताई, त्यो मोठा भाईर काढला की पोरं सराव सोडून तुमच्याकडंच बघत बसत्यात." त्यांचं खरं आहे. मोठ्या कॅमेऱ्यापुढे माणूस छाती काढून उभा राहतो, छोट्यापुढे आपलं काम करत राहतो. म्हणून ओळख होईपर्यंत छोटा, कुस्ती लागली की मोठा, असं मी तिथे ठेवलंय.

धूळ आणि गुलालाचा विचार आपल्या भागात स्वतंत्रपणे करावाच लागतो. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, सासनकाठ्या (देवाच्या उंच काठ्या) नाचू लागल्या की हवाच गुलाबी होते. आरएक्स१००ची लेन्स चालू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते. बाहेर असताना नळीवर बसलेला गुलाल तिच्यासोबत आत ओढला जातो. तिथे तो मी पिशवीतून काढत नाही. डी७००च्या बॉडीला सांध्यांवर सील आहेत. घरूनच एक लेन्स बसवायची, जोडावर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि डोंगर उतरेपर्यंत लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर आधी ब्रश, मग फुंकणी. ओला कपडा लगेच लावू नये, गुलालाचा चिखल होतो.

वजनाची चाचणी कागदावर होत नाही. डी७०० बॅटरीशिवाय ९९५ ग्रॅम, वर २४-१२० लेन्सचे ७१०. आरएक्स१०० बॅटरी आणि कार्डासकट २४०. दोन्ही घरात दारापाशी ठेवा आणि बाजारात, बसला, पाहुण्यांकडे जाताना सहज हात कुठल्याकडे जातो ते पाहा. पंधरवड्यात कळतं. व्हिडिओ लागत असेल तर प्रश्नच मिटला, डी७०० व्हिडिओ काढतच नाही.

शेवटी पैसे मोजण्याआधी बॅटरी आणि कार्ड. आरएक्स१००ची एनपी-बीएक्स१ बॅटरी त्याच्या नंतरच्या भावंडांनाही चालते, त्यामुळे ती मिळत राहते. डी७००ची ईएन-ईएल३ई डी९० आणि डी३०० वापरणाऱ्यांकडेही सापडते, पण सेलचं वय झालेलं असतं. मेनूमध्ये बॅटरी इन्फो उघडा, तिथे ० ते ४ असा वयाचा आकडा येतो. ४ आला तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि त्याचा रीडर विकणाऱ्याकडूनच घ्या. कार्ड आत सरकवण्याआधी खोबणीतल्या पिना टॉर्चने एकदा बघा, एखादी वाकलेली असेल तर तो कॅमेरा तिथेच सोडा.