माळकरी आजोबांची स्मरणिका कशी करावी

नव्वदी पार केलेला माळकरी माणूस गेला की रक्षाविसर्जनापासून तेराव्यापर्यंत घरी समाचाराला माणसं येत राहतात. दिंडीतले सोबती, भावकी, लेकींच्या सासरची मंडळी, गुऱ्हाळावर एकत्र राबलेले जोडीदार. ही सगळी पुन्हा एका सोप्यात बसतीलच असं नाही. म्हणून स्मरणिका वर्षश्राद्धाला छापायची असली, तरी आठवणी याच दिवसांत गोळा करायच्या. एका नातवाकडे वही, एका नातीकडे फोनचं रेकॉर्डिंग, एवढी वाटणी पुरते. रेकॉर्डिंग लावण्याआधी विचारायचं, आणि सुरुवातीलाच बोलणाऱ्याचं नाव, गाव, नातं आणि तारीख बोलून घ्यायची. सहा महिन्यांनी नुसत्या आवाजावरून माणूस ओळखता येत नाही.

“आबा कसे होते?” असं विचारलं की “लई देवमाणूस” एवढंच उत्तर येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. प्रश्न ठरावीक गोष्टीवर असावा. माळ कोणत्या वर्षी घातली, कुणाच्या हातून? पहिली वारी कुणाबरोबर, पायी की एसटीनं? भजनात वीणा, पखवाज की टाळ? काकड्याला किती वाजता उठायचे? एकादशीला फराळाला काय चालायचं? पंढरपूरहून येताना कुणासाठी काय आणायचे?

सगळ्यात जास्त हाती लागतं ते एका प्रश्नातून: वारी कोणत्या वर्षी चुकली आणि का? पंचेचाळीस वर्षं वारी केली, हे वाक्य कुणाबद्दलही लिहिता येतं. पण बायकोच्या आजारपणात, लेकीच्या बाळंतपणात किंवा भावाच्या शेतावर मोट चालवायला कुणी नव्हतं म्हणून माणूस मागे राहिला असेल, तर त्याची भक्ती आणि त्याचा संसार तिथे एकत्र दिसतो. त्या वर्षी आषाढीला त्यांनी काय केलं, हेही विचारा. पंढरपूरला जाता आलं नाही की करवीर तालुक्यातल्या नंदवाळला विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं, ही कोल्हापूर भागातल्या अनेक घरांची रीत. पाय थकल्यावर नंदवाळही जमेना तेव्हा घरातल्या तसबिरीसमोर हरिपाठ म्हणायचे का, हे सुनेला किंवा नातवाला नक्की ठाऊक असतं.

आता तारखा. जुन्या माणसांच्या दाखल्यावर जन्मतारीख बहुतेक वेळा १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती टाकून दिलेली असते. ती तशीच छापू नका. जन्मपत्रिका असेल तर शके पाहा: चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या जन्माला शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या जन्माला ७९. शके १८५५ च्या आषाढातला जन्म म्हणजे १९३३; त्याच शकातल्या माघातला जन्म मात्र १९३४ चा. इथे वर्षाची चूक फार होते. पत्रिका नसेल तर तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी शोधा. त्या मोडी लिपीत असतील तर वाचणारा माणूस सोबत न्या. वडील कधी वारले ते जमिनीच्या फेरफारातल्या वारस नोंदीवरून अंदाजे कळतं. पण फेरफाराची तारीख ही नोंदीची असते, मृत्यूची नव्हे.

काहीच कागद नसला तर मोठ्या घटनांना धरून विचारा. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं (१ मार्च १९४९) तेव्हा शाळेत होते का? नवे पैसे आले (१ एप्रिल १९५७) तेव्हा लग्न झालेलं होतं का? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७ ची पहाट) झाला तेव्हा कोणतं मूल पाळण्यात होतं? ७२ च्या दुष्काळात कामाला कुठे होते? १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. त्याबद्दल घरात किंवा दिंडीत काय बोललं जायचं, हेही वयस्क वारकऱ्याच्या कुटुंबात विचारण्यासारखं आहे. दोन घटनांच्या मधलं वर्ष सापडलं की ‘सुमारे’ लावून छापा. सुमारे १९५५ हे चुकीच्या अचूक तारखेपेक्षा बरं.

मृत्यूची तारीख सगळ्यांना माहीत असते, वेळ मात्र विसरते. ती लगेच लिहून ठेवा. तिथी रात्री बाराला बदलत नाही, त्यामुळे वर्षश्राद्धाची तिथी ठरवताना पंचांग पाहणारा पहिल्यांदा वेळच विचारेल.

नावाआधीचं अक्षर संप्रदाय पाहून ठरतं. वारकऱ्याला वै. म्हणजे वैकुंठवासी. छापखान्यात सवयीनं कै. पडतं, तेव्हा प्रुफात पहिली नजर तिथेच टाका. लिंगायत घरात लिंगैक्य, मुस्लिम घरात मरहूम. मागे राहिलेल्या आजींच्या नावाआधी गं. भा. (गंगा भागीरथी, विधवेसाठीची जुनी उपाधी) लावू नये, श्रीमती पुरे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथल्या स्मरणिकेत जुना शिक्का नको. ‘पश्चात दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार’ या साच्यात लेकी बऱ्याचदा गळतात. सगळी मुलं वयाच्या क्रमानं लिहा, लेकींची माहेरची आणि सासरची दोन्ही आडनावं द्या, लहानपणी गेलेलं मूलही गाळू नका. जिवंत माणसांचे मोबाईल नंबर, पत्ते आणि जन्मतारखा मात्र छापू नका.

तेराव्याला वाचायचा मजकूर वेगळा करा: साधारण ५०० शब्द, म्हणजे सावकाश वाचल्यास पाच मिनिटं. त्यात सगळं आयुष्य कोंबू नका. कीर्तनकारबुवांना आदल्या दिवशी नाव, वय, माळ घातल्याचं वर्ष, वाऱ्या आणि मुलांची नावं एका कागदावर मोठ्या अक्षरात द्या; ऐनवेळी कानात सांगितलेलं नाव हमखास चुकतं.

लिहिताना ‘धर्मपरायण’, ‘मनमिळाऊ’, ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द आले की थांबा आणि त्याजागी घडलेली गोष्ट घाला. भावाच्या पोरांची फी आपल्या पोरांच्या आधी भरली असेल, तर तेवढं एक वाक्य पुरतं. त्यांच्या भजनाच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं स्कॅन करून छापा, त्यांच्याच अक्षरात. त्यातल्या अभंगाचा क्रमांक देणार असाल तर कुठल्या गाथेतला तेही लिहा. प्रतीप्रतीत क्रमांक बदलतात.

फोटो हा सगळ्यात चुकणारा भाग. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो बारीक होतो आणि छापल्यावर धुरकट दिसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. छपाईला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) लागतात, म्हणजे चार बाय सहा इंचाच्या फोटोला १२०० बाय १८०० पिक्सेल. जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० वर. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेवरचं कुंकू, बुक्का बाहेरून पुसा, खिडकीशेजारी आडव्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काचेसकट फोटो काढा.

आकार ए५ ठेवा. पिनांची बांधणी असेल तर पानं चारच्या पटीतच हवीत: १६, २० किंवा २४. तेरा-चौदा पॉइंटच्या अक्षरात एका पानावर सव्वादोनशे शब्द बसतात. त्याहून बारीक अक्षर दिंडीतल्या म्हाताऱ्या सोबत्यांना वाचता येत नाही. आत ८० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो कागद, वेष्टनाला २५० जीएसएमचं आर्टकार्ड. प्रती माणसं मोजून नव्हे, घरं मोजून छापा आणि वीस टक्के जादा घ्या.

युनिकोडमधला, म्हणजे फोनवर टाइप होतो तसला मजकूर छापखान्यानं जुन्या फॉन्टमध्ये फिरवला की जोडाक्षरं मोडतात. ‘वारकऱ्यांच्या’, ‘गुऱ्हाळ’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘कॅलेंडर’ हे चार शब्द प्रुफात मुद्दाम शोधा; इथे बिघाड असेल तर सगळीकडे आहे. नावांचं प्रूफ ज्या त्या घरातल्या माणसाकडूनच वाचून घ्या, आणि ते स्क्रीनवर नाही, कागदावर.

छपाई झाली की मूळ वही, पत्रं, पावत्या परत मागून घ्या. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि दिवाळीनंतर एकदा सावलीत उघडून वारा द्या. घर पूररेषेत असेल तर हे गाठोडं तळमजल्यावर ठेवू नका; २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या उंचीपर्यंत चढलं, त्याच्या वरच्या माळ्यावर ते ठेवा, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत दुसऱ्या गावातल्या लेकीकडे.