अमेरिकेत एमएसचं कोर्स रजिस्ट्रेशन करताय? या चुका टाळा

अ‍ॅडमिशन झालं, व्हिसा आला, तिकीट काढलं, आणि मग युनिव्हर्सिटीचा मेल येतो की अमुक तारखेला रजिस्ट्रेशन उघडणार. आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांना वाटतं की हे काय, फॉर्म भरण्यासारखंच असणार, विषय तर डिपार्टमेंटनेच ठरवलेले असतील. पण तिथे प्रत्येक कोर्स, त्याचं सेक्शन (तुकडी), त्याची वेळ, क्रेडिट सगळं तुम्हालाच निवडायचं असतं आणि निवडलेलं बरोबर आहे का हेही तुम्हालाच बघायचं असतं.

सगळ्यात मोठी गैरसमजूत आधीच सांगून टाकते. पोर्टलवर 'रजिस्टर्ड' असं हिरव्या अक्षरात आलं म्हणजे काम झालं असं नाही. सिस्टीम बघते की सीट आहे का, दोन क्लासच्या वेळा एकमेकांवर येत नाहीत ना, प्रीरिक्विझिट, म्हणजे त्या कोर्सआधी करावा लागणारा विषय, झालेला आहे का. तुम्ही एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आहात, अमुक कोर्स तुमच्या डिग्रीत मोजला जाणार नाही, तमुक क्रेडिटवर तुमची ट्यूशन माफी लागू नाही, यातलं काहीही ती तपासत नाही. त्यामुळे चुकीचं रजिस्ट्रेशनसुद्धा अगदी सुरळीत होतं, आणि ते कळतं दोन महिन्यांनी.

होल्ड आधी काढा, कोर्स नंतर शोधा

रजिस्ट्रेशन उघडायच्या दिवशी पहिल्यांदा लॉगिन करणारे खूप जण असतात आणि तिथे लाल खूण दिसते, होल्ड, म्हणजे काहीतरी बाकी असल्याने लागलेली अडवणूक. होल्ड असेल तर अ‍ॅडचं बटण दाबून काहीही होत नाही. नव्या मुलांना सगळ्यात जास्त अडवतो तो लसीकरणाचा. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांना एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे) दोन डोस लागतात आणि दोन डोसमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, म्हणजे हे आठवड्याभरात उरकता येत नाही. लहानपणी लस घेतलीये पण कागद सापडत नाही अशी स्थिती असेल तर बऱ्याच ठिकाणी अँटिबॉडीची रक्ततपासणी, ज्याला ते टायटर म्हणतात, ती चालते. ती निघायच्या आधी भारतातच करून घ्या, तिकडे त्याच तपासणीचे बरेच जास्त पैसे जातात.

दुसरा होल्ड जरा लबाड आहे, कारण तो पहिल्या सेमिस्टरला बहुतेक दिसतच नाही. प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर अ‍ॅडमिशन मिळालेलं असतं, फॉलचे क्लास छान चालू असतात, आणि नोव्हेंबरमध्ये पुढच्या, म्हणजे स्प्रिंग सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन करायला जावं तर फायनल ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) आलं नाही म्हणून अडकलेलं. मग इकडे आईबाबा युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर खेटे घालतात, सीलबंद पाकीट मिळायला वेळ लागतो, तोवर तिकडे चांगले कोर्स भरून जातात. निघतानाच सीलबंद ट्रान्सक्रिप्टचे दोन-तीन सेट काढून ठेवा.

आणि लॉगिनचं पण बघा. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत ड्युओसारखी दोन टप्प्यांची खात्री असते, ती भारतातल्या नंबरवर लावली आणि तिकडे गेल्यावर ते सिम बंद, की पोर्टलच उघडत नाही. विमानात बसायच्या आधी अ‍ॅपवर आणा आणि बॅकअप कोड काढून ठेवा.

वेळ नक्की कुठली?

रजिस्ट्रेशनची वेळ कॅम्पसच्या घड्याळाने असते. उन्हाळ्यात पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, कॅलिफोर्नियात ८ म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा हे अंतर एक तासाने वाढतं. त्या वेळी सुट्टीला भारतात असाल किंवा दुसऱ्या राज्यात असाल तर हा एक तास हमखास गडबड करतो.

कार्टमध्ये टाकलं म्हणजे घेतलं नाही

शॉपिंग कार्ट किंवा प्लॅनमध्ये कोर्स टाकले की काम झालं असं समजून लॅपटॉप बंद करणारे दर वर्षी असतात. कार्टने सीट राखून ठेवली जात नाही. शेवटचं एनरोल किंवा सबमिट दाबायचं आणि मग 'माझं शेड्यूल' या पानावर जाऊन कोर्स खरंच दिसतोय का ते बघायचं. कार्टचं पान पुरावा नाही, शेड्यूलचं पान पुरावा आहे.

त्या शेड्यूलच्या पानावर पाच मिनिटं द्या, कारण बहुतेक घोळ तिथेच डोळ्यांसमोर असतात. एक उदाहरण सांगते. थिसिस, रिसर्च, इंडिपेंडंट स्टडी हे कोर्स 'व्हेरिएबल क्रेडिट'चे असतात, म्हणजे १ ते ९ पैकी किती घ्यायचे ते तुम्ही सांगायचं. सिस्टीम पुष्कळदा स्वतःहून सगळ्यात कमी, म्हणजे १ क्रेडिट लावते. तुम्हाला वाटतं ३ + ३ + ३ असे ९ झाले, पानाच्या तळाशी मात्र एकूण ७ लिहिलेलं असतं. तो एकूण आकडा कुणी वाचतच नाही! क्रेडिट बदलायचं बटण वेगळं असतं, अ‍ॅड/ड्रॉपच्या, म्हणजे कोर्स घ्यायच्या-सोडायच्या शेवटच्या तारखेआधी ते दुरुस्त करता येतं, नंतर मात्र अर्ज आणि सह्या गोळा करत फिरावं लागतं.

एफ-१ वर टिकायला फुल-टाइम असावं लागतं, आणि फुल-टाइम म्हणजे किती क्रेडिट हे ग्रॅज्युएट लेव्हलला (तिकडे ग्रॅज्युएट किंवा ग्रॅड म्हणजे एमएसवाले) युनिव्हर्सिटी ठरवते. पुष्कळ ठिकाणी ९, काही ठिकाणी ८ किंवा १२, असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतलंच शिकवण्याचं किंवा रिसर्चचं काम) असेल तर काही ठिकाणी ६ लाही फुल-टाइम धरतात. मित्राच्या युनिव्हर्सिटीचा आकडा स्वतःला लावू नका, आपल्या इंटरनॅशनल ऑफिसचा आकडा बघा.

सेक्शन आणि लेव्हल

एकच कोर्स तीन सेक्शनमध्ये दिसतो, त्यातलं एक ऑनलाइन असतं, सीट त्यातच शिल्लक असते आणि वेळ पण सोयीची, मग घेतलं जातं. एफ-१ वर असताना एका सेमिस्टरच्या फुल-टाइमच्या हिशेबात जास्तीत जास्त एक ऑनलाइन क्लास किंवा ३ क्रेडिट मोजता येतात. दोन ऑनलाइन आणि एक वर्गातला असे ९ क्रेडिट घेतले तर कागदावर ९ आणि व्हिसाच्या हिशेबात ६. सिस्टीम यावर एक शब्द बोलत नाही. काही ठिकाणी डिस्टन्सवाल्यांसाठी वेगळी सेक्शन असतात, त्यांची फी पण वेगळी असते, म्हणून सेक्शनच्या पुढे लिहिलेलं कॅम्पस आणि इन्स्ट्रक्शन मोड हे दोन्ही रकाने वाचा.

लेव्हलचा घोळ असा की एकच क्लास दोन नंबरांनी लिस्ट केलेला असतो, एक अंडरग्रॅडचा आणि एक ग्रॅडचा. वर्ग तोच, प्रोफेसर तेच, पण अंडरग्रॅडच्या नंबरावर घेतलं तर डिग्रीत मोजलं जाईलच असं नाही, आणि ट्यूशन माफी असेल तर तीही त्यावर लागू होईल असं नाही. नंबरिंगची पद्धत सगळीकडे सारखी नसते, कुठे ५०० पासून ग्रॅड, कुठे ६०० पासून, कुठे चार आकडी. तसंच ऑडिट म्हणून, म्हणजे क्रेडिट न घेता नुसतं बसायला घेतलेला कोर्स फुल-टाइममध्ये धरत नाहीत.

प्रीरिक्विझिटचा एरर आला म्हणून सोडून देऊ नका

भारतातून आलेल्या मुलांना हा एरर येतोच, कारण तुम्ही बीईला डेटा स्ट्रक्चर्स शिकलात हे त्यांच्या सिस्टीमला माहीतच नसतं. तो नकार नाहीये. ओव्हरराइड, म्हणजे एरर असूनही कोर्स घ्यायची खास परवानगी, मागायचा असतो, पण मागायचा नीट. 'मला हा कोर्स हवाय, प्लीज हेल्प' असा मेल केला तर तो पडून राहतो. मेलमध्ये तुमचा स्टुडंट आयडी, कोर्सचा नंबर, त्या सेक्शनचा क्रमांक, स्क्रीनवर आलेला एरर शब्दशः, आणि तुम्ही भारतात केलेल्या त्या विषयाचं नाव, ग्रेड आणि सिलॅबस एवढं द्या. समोरच्याला परत काही विचारायची वेळ येऊ नये, मग उत्तर लवकर येतं. मेल कुणाला हे पण बघा. काही ठिकाणी ओव्हरराइड प्रोफेसर देतात, काही ठिकाणी ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर, आणि प्रोफेसरांनी 'हो' म्हटलं तरी ते सिस्टीममध्ये टाकायचं काम दुसऱ्याचंच असतं. ओव्हरराइड मिळाल्यावर पण सीट आपोआप मिळत नाही, परत जाऊन अ‍ॅड करावंच लागतं, हे विसरल्यामुळे किती जणांच्या हातातले कोर्स गेलेत.

'लिंक एरर' आला तर घाबरू नका, लेक्चरबरोबर लॅब किंवा डिस्कशन सेक्शन एकाच वेळी घ्यायचं असतं एवढाच त्याचा अर्थ.

वेटलिस्टवर विसंबून राहणं

वेटलिस्टचे क्रेडिट फुल-टाइममध्ये धरत नाहीत. त्यामुळे दोन कोर्स पक्के आणि तिसरा वेटलिस्टवर अशा स्थितीत सेमिस्टर सुरू होऊ देऊ नका, तिसरा कुठला तरी पक्का घेऊन ठेवा आणि मग वाट बघा. पण तो पक्का कोर्स वेटलिस्टवाल्याच्याच वेळेला असेल तर सीट उघडूनही सिस्टीम तुम्हाला आत घेत नाही, काही पोर्टलमध्ये 'हा मिळाला तर तो ड्रॉप कर' अशी सोय असते, ती वापरा. आणि काही ठिकाणी सीट उघडली की मेल येतो आणि घ्यायला २४ तासच मिळतात, म्हणून युनिव्हर्सिटीचा मेल फोनवर लावलेला हवा.

याच्याच जवळची चूक म्हणजे आधी ड्रॉप मग अ‍ॅड. एक कोर्स सोडला आणि दुसरा घ्यायला गेलो तर तो भरलेला, पहिल्यावर परत जावं तर तिथे वेटलिस्टवाल्याने सीट घेतलेली. स्वॅप, म्हणजे नवा मिळाला तरच जुना सोडायची सोय असेल तर स्वॅपच करा.

ड्रॉप करायच्या आधी थांबा

सगळ्यात जास्त काळजी मला याचीच वाटते, कारण बाकीच्या चुका पैशांनी किंवा एका सेमिस्टरच्या उशिराने भरून निघतात, ही थेट व्हिसाच्या स्टेटसवर, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहायच्या कायदेशीर दर्जावर जाते. मिडटर्म वाईट गेली, जीपीए ३.० च्या खाली जायची भीती वाटली, आणि रात्री बसून कोर्स ड्रॉप केला. पोर्टल करू देतं! पण त्याने तुम्ही फुल-टाइमच्या खाली गेलात आणि इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी आधी घेतलेली नसेल तर स्टेटस जातं. अ‍ॅड/ड्रॉपची तारीख गेल्यावर विथड्रॉ करून निकालावर डब्ल्यूचा शेरा घेतला तरी हिशेब तोच, शिवाय फी बहुतेकदा पूर्ण परत मिळत नाही.

परवानगीला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात आणि ती ठरावीक कारणांनाच मिळते. आजारपण असेल तर डॉक्टरांच्या कागदावर मिळते, सगळं मिळून १२ महिन्यांपर्यंत. सुरुवातीच्या अडचणी, म्हणजे इंग्रजीची किंवा वाचनाची, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसवलं जाणं, यासाठी एका डिग्रीत एकदाच, आणि तरी निम्मे क्रेडिट ठेवावेच लागतात. शेवटच्या सेमिस्टरला राहिलेत तेवढेच कोर्स घ्यायलाही मिळते, फक्त एकच कोर्स राहिला असेल तर तो पूर्ण ऑनलाइन चालत नाही, त्यामुळे ऑनलाइन घेऊन घरी जायचे बेत करू नका. कारण कुठलंही असो, आधी मंजुरी आणि मग ड्रॉप, हा क्रम उलटा झाला की पुढचं सगळं अवघड होतं.

फी आणि इंटर्नशिप

फीची तारीख चुकली तर काही युनिव्हर्सिट्या अख्खं रजिस्ट्रेशन रद्द करतात, तुमच्या सीट दुसऱ्यांना जातात. भारतातून पैसे पोचायला बँकेचे काही दिवस जातात, ते धरून चाला. समरमध्ये इंटर्नशिप करणार असाल तर सीपीटीसाठी (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीसाठी) बऱ्याच ठिकाणी वेगळा क्रेडिट कोर्स घ्यावा लागतो, त्याचं रजिस्ट्रेशन आणि सीपीटीची नोंद असलेला नवा आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो विद्यार्थी व्हिसाचा कागद) हातात येईपर्यंत कामाला एक दिवसही सुरुवात करायची नाही, कंपनी कितीही घाई करू दे.

आधीच चूक झाली असेल तर

क्रेडिट कमी पडल्याचं सेमिस्टर सुरू झाल्यावर कळलं तर लपवू नका. आधी उशिरा सुरू होणारे कोर्स बघा, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत सेमिस्टरच्या दुसऱ्या अर्ध्यात सात-आठ आठवड्यांचे कोर्स असतात आणि त्यांची अ‍ॅडची तारीख वेगळी असते. थिसिस किंवा इंडिपेंडंट स्टडीचे क्रेडिट वाढवता येतात का ते अ‍ॅडव्हायजरना विचारा. आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल ऑफिसला लिहा, कारण सेमिस्टर सुरू झाल्यावर ३० दिवसांत त्यांना सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीच्या सिस्टीममध्ये तुमची नोंद करायची असते, तोवर कळलं तर त्यांच्या हातात काहीतरी असतं. स्टेटस गेलंच असेल तर रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे ते परत मिळवायचा अर्ज करता येतो, तो साधारणपणे स्टेटस गेल्यापासून ५ महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि तोही इंटरनॅशनल ऑफिसच्या शिफारशीशिवाय पुढे जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सीनियर काय म्हणतात ते नंतर वाचा, पहिला मेल ऑफिसला जाऊ द्या.