फोम लाईनवर गॅसचा डोस वाढवण्याआधी या चुका टाळा

नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात मशीनच्या हीटर-झोनची तापमानं पाठ करतो आणि दुसऱ्या आठवड्यात स्वतःला मिस्त्री समजायला लागतो. पाइपच्या मशीनवर ते खपून जातं, फोमच्या नाही. इथे मालात, म्हणजे वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये, ब्यूटेन गॅस विरघळलेला असतो आणि तो नुसता फुगवत नाही. पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतो, म्हणजे माल पातळ करतो. एलडीपीई, म्हणजे आपला प्लॅस्टिक दाणा, साधारण 105 ते 115 अंशांत वितळतो आणि फोमला डायपाशी, म्हणजे शीट जिथून बाहेर पडते त्या तोंडापाशी, माल जवळपास त्याच पट्ट्यात ठेवावा लागतो. एवढ्या गारव्यात तो वाहतो तो गॅसच्या जिवावर.

प्रेशर चढलं की हीटर वाढवणं

जळगाव एमआयडीसी, मे महिना, बाहेर 44 अंश, पत्र्याखाली विचारू नका. रावेर-सावद्याच्या केळीच्या पेट्यांसाठी शीट चालू होती. दुपारी दोनला हेड प्रेशर, म्हणजे डायमागचा मालाचा दाब, चढलं, मोटरचे अँपिअरही चढले. "भाऊ, माल कडक व्हई गया," म्हणत ऑपरेटरनं डाय 4 अंशांनी वाढवली. प्रेशर उतरलं, गडी खूश.

दुखणं गॅसच्या नळीत होतं. सिलिंडर सावलीत, पण नळी भिंतीबाहेरून उन्हातून आत आलेली. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरा खाली. दाबाखाली तो द्रव राहतो खरा, पण तापलेल्या नळीत त्याची वाफ झाली आणि पंप अर्धी वाफच ओढत बसला. स्ट्रोक तेवढेच पडत होते, म्हणून कुणाला संशय आला नाही. गॅस कमी, म्हणून माल घट्ट. शीटचं वजनही वाढलं होतं, पण ती काट्यावर ठेवतो कोण?

ऊन उतरलं, नळी गार झाली, पंप पुन्हा पुरता द्रव ढकलायला लागला. डाय 4 अंश गरमच, वर पोटभर गॅस. आठच्या सुमारास डायमधून शीट नव्हे, पिठलं यायला लागलं. पेशींच्या भिंतींना ताकदच नाही, फुगतात आणि बसतात. त्या रात्रीचा सगळा माल भंगारात गेला आणि सकाळी मालकासमोर मी उभा, ऑपरेटर घरी झोपलेला.

तेव्हापासून प्रेशर हललं की मी पॅनलकडे जात नाही. आधी नळीला हात लावतो, मग मीटरभर शीट कापून काट्यावर टाकतो. प्रेशर वर आणि वजनही वर, तर गॅस कमी पडतोय. प्रेशर वर पण वजन तेच, तर माल गाळणारी जाळी चोंदली असेल किंवा डाय गार पडली असेल. नळी आता सावलीतून फिरवून घेतली आहे आणि उन्हाळाभर तिच्यावर ओलं गोणपाट असतं. इंजिनिअर लोक हसतात. हसू द्या.

हलकी शीट हवी, म्हणून नुसता गॅस वाढवणं

हा शॉर्टकट प्रत्येक जण एकदा तरी मारतो. गॅस वाढवला की माल पातळ होतो, पातळ झाला की डायमधलं प्रेशर पडतं, आणि प्रेशर पडलं की गॅस विरघळलेला राहत नाही. तो डायच्या ओठापर्यंत न थांबता आतच सुटतो. मग डायपाशी फटाके वाजतात आणि शीट खरखरीत, भोकं पडलेली येते. तिथे आणखी गॅस दिलात तर आगीत तेल. गॅस वाढवलात तर माल गार करा, एका वेळी एकच अंश, आणि मग हात मागे बांधून 20 मिनिटं थांबा. लांब स्क्रूतून नवा माल पुढे यायला वेळ लागतो. दर दोन मिनिटांनी नॉब फिरवणाऱ्याला मी चहा आणायला पाठवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात:

एमएफआय (वितळलेला दाणा किती सहज वाहतो त्याचा आकडा) बघून दाणा बदलणं. ती चाचणी 190 अंशांना, 2.16 किलो वजनाखाली होते आणि त्यात गॅसचा थेंब नसतो. लाईनवर 50 किलो चालवून बघा.

रिप्रो (भंगार वितळवून केलेला) दाणा मनाला येईल तेवढा मिसळणं. प्रत्येक गोणीचा पातळपणा वेगळा, मग गॅस जुळवणार कशाशी?

जीएमएस (शीट आक्रसू नये म्हणून मालात मिसळतात ते) वाचवणं. शीट नंतर गोदामात आक्रसते आणि शिव्या गॅसच्या पंपाला बसतात.

ब्यूटेन सोडून कार्बन डायऑक्साइडवर जाताना पंपाचं हेड चिलरवर न घेणं. 31 अंशांच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि आपल्याकडे मार्चपासूनच दुपार त्यापुढे असते. मापच चुकतं.

ताजे रोल बंद खोलीत रचणं. त्यांतून ब्यूटेन निघत राहतो, हवेपेक्षा जड असल्यानं फरशीलगत साचतो. आमच्या गोदामाच्या हवेच्या जाळ्या खाली, फरशीला लागून आहेत, आणि विडीवाल्याला फाटकाबाहेर जावं लागतं.