छंद कॉम्प्युटरचा, घर पाच जणांचं

कॉम्प्युटरचा नाद लागलेली मुलं-मुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कुठलं मशीन घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. कुठलंही घे, फक्त घरातलं चालू मशीन सोडून. ज्यावर आजोबा पेन्शन बघतात, धाकट्याचा शाळेचा प्रोजेक्ट आहे आणि घरातली बिलं भरली जातात, त्याला छंदाचा हात लावायचा नाही. हिच्या उचापतींमुळे आपलं काम अडलं, असं घरच्यांना एकदा वाटलं की पुढची कित्येक वर्षं प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी खापर तुमच्याच डोक्यावर फुटतं.

मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते आणि दिवसभर एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते. शिक्षण बी. कॉम. कॉम्प्युटरचं जे काही येतं ते जुनी मशीनं उघडून आलेलं. घरात सासू-सासरे, नवरा, आठवीतला मुलगा. नवऱ्याची पीथमपूरची बस पहाटेच नाक्यावर येते, त्यामुळे रात्रीची जेवणं आणि झाकपाक उरकून मोकळा मिळतो तो तास-दीड तास, आणि रविवारची दुपार. एवढ्या वेळात हा छंद भरपूर होतो. रोज चार-चार तास लागतात असं सांगणारे एकतर अविवाहित असतात, नाहीतर त्यांच्या घरी दुसरं कोणीतरी कुकर लावत असतं.

मशीनचं म्हणाल तर सध्या नवख्यांचे दिवस आहेत. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार थांबवला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच अधिकृतपणे चालतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अजून ठणठणीत असलेले डेस्कटॉप ऑफिसांमधून बाहेर पडतात. लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, शिकायला याहून जास्त काही लागत नाही. आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी टाकली की लिनक्स मिंट हा तिचा प्रकार त्यावर सुरेख पळतो. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. पण खरा फरक पडतो बारीकसारीक फायली इकडून तिकडून गोळा करण्यात, कारण एसएसडीत फिरणारी तबकडी नाही आणि तिच्यावर सरकणारी सुईही नाही.

आमच्याकडे खरेदीच्या जागा दोन. आर. एन. टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल, आणि सुटी वायर-कनेक्टर अशी किरकोळ खरेदी असेल तर जेल रोड. दुकानात गेल्यावर मशीन नुसतं चालू करून दाखवलं म्हणून खूश व्हायचं नाही. "भिया, एक बार ढक्कन खोल के दिखाओ" असं सरळ म्हणायचं. झाकण उघडलं की पंख्यावरची धूळ, फुगलेले कपॅसिटर, जळका वास, सगळं आपोआप दिसतं. रॅमचा प्रकार विचारून घ्यायचा. डीडीआर 3 आणि डीडीआर 4 च्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीची दुसरीला बसत नाही. दाबून बसवू म्हटलं तर मदरबोर्डवरच्या स्लॉटचं प्लास्टिक तुटेल. सेकंडहँड डिस्क असेल तर तिचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, समोर उघडून घ्यायचा आणि 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर' (खराब झाले म्हणून बदललेले तुकडे) यासमोर शून्य नसेल तर डिस्क परत.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते. तुम्ही प्रश्न विचाराल आणि दुकानदार उत्तर तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला किंवा भावाला देईल. माझा नवरा अशा वेळी खिशातून मोबाइल काढून त्यात डोकं घालतो. हा त्याचा छंदातला सगळ्यात मोठा वाटा.

आता शिकायचं काय? मी म्हणेन, आधी बिघाड वाचायला शिका. कोडिंग, सर्व्हर, सगळं पुढे येतंच. बिघाड वाचणं म्हणजे जे दिसतंय त्याच्या एक पायरी मागे जाणं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंचा निरोप आला, "बँकेची साइट उघडेना, नेट बिघडलंय." नेट तर चालू होतं. ब्राउझर म्हणत होता की साइटचं प्रमाणपत्र वैध नाही. अशा वेळी पहिली नजर स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जायला हवी. तिथे तारीख कितीतरी वर्षं मागची होती. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीन समजत होतं की आपण त्या सुरुवातीच्याही आधीच्या काळात आहोत, म्हणून दार लावून बसलं होतं.

तारीख दुरुस्त केली की साइट उघडते, पण रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी पुन्हा तेच. म्हणजे आणखी एक पायरी मागे. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032, तीन व्होल्टचा. मशीनची वीज पूर्ण बंद असताना आतलं घड्याळ त्याच्यावर चालतं. वायर काढायची, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवायचा. सेलच्या कडेला पत्र्याची छोटी पट्टी असते. ती नखाने बाजूला सारली की सेल टुणकन वर येतो. मल्टिमीटरवर तीनच्या जागी अडीचच्याही खाली आकडा दिसला की रोगाचं निदान झालं. नवा सेल बसवताना अधिकचं चिन्ह वर. काकूंच्या बँकेचा खोळंबा गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे मिळणाऱ्या सेलने मिटला आणि मला वाटीभर चिरोटे मिळाले.

मल्टिमीटर मात्र घ्याच. साधा डिजिटलही चालतो. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तारांचे रंग पाठ करा: पिवळी बारा व्होल्ट, लाल पाच, नारिंगी तीन पूर्णांक तीन, काळी ग्राउंड. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले असू शकतात, जिवाशी गाठ आहे. डबा खराब झाला तर डबाच बदलायचा.

पडलेल्या डब्याचं काय करायचं? इथे इंदूरचं एक सुख आहे. कचरागाडीत ओला, सुका, प्लास्टिक यांच्याबरोबर ई-कचऱ्याचाही वेगळा कप्पा असतो, त्यामुळे मेलेला माउस आणि फुंकलेला चार्जर घरात साठवण्याला कसलीच सबब उरत नाही. सासूबाई तरीही माझ्या कोपऱ्याला 'अटाला'च, म्हणजे भंगारच, म्हणतात. दिवाळीच्या आवराआवरीला त्यांचा आवाज जरा चढतो. आमचा तह असा झालाय की जे टेबलाखालच्या दोन खोक्यांत मावेल ते माझं, बाहेर राहील ते गाडीत. या तहाने माझंच भलं झालं, कारण 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेल्यातलं बहुतेक कधीच लागत नाही.

विजेचा हिशेबही घरात आधीच मांडून ठेवा. सरासरी 60 वॉट खाणारं जुनं मशीन सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू ठेवलं तर दिवसाला 1.44 युनिट, महिन्याला 43 च्या पुढे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असेल तर पहिल्या शंभर युनिटांचे शंभर रुपये पडतात. तुमचं घर सव्वाशे युनिटवर असेल तर हे 43 युनिट तुम्हाला योजनेच्या बाहेर ढकलतील, आणि बिलाचा फुगा कोणामुळे फुगला हे शोधायला कोणाला मल्टिमीटर लागत नाही. म्हणून चोवीस तासांचं काम रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर टाकावं. पाच वॉट धरले तर महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत.

राउटरची गोष्ट त्याहून नाजूक. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगतो तो डीएनएस सर्व्हर. जाहिराती अडवणारा असा सर्व्हर त्याच छोट्या बोर्डावर बसवायची सगळ्यांनाच हौस असते, मलाही आहे. तो आधी फक्त स्वतःच्या लॅपटॉपला जोडा, महिनाभर बघा. सगळ्या घराला जोडलात आणि तो छोटा बोर्ड रुसला, तर कोणतीच साइट उघडणार नाही, आणि नेमका त्या वेळी मुलाचा ऑनलाइन क्लास असतो, नाहीतर सासूबाईंचं कीर्तन चालू असतं. राउटरला हात लावायचा तर घर झोपल्यावर, आणि आधीच्या सेटिंगचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन मगच.

घरच्यांचा विश्वास कमवायचा तर एक काम आधी करा, फोटोंची बॅकअप. नानांच्या पंचाहत्तरीचे, मुलाच्या मुंजीचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर असतील तर ते असून नसल्यासारखेच. नियम जुना आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमची बाहेरची प्रत पुण्याला नणंदेकडे असते. ती दिवाळीला येते तेव्हा डिस्क येते, नवं भरून परत जाते. आणि बॅकअप घेतली म्हणून थांबायचं नाही, तिच्यातून दोन-चार फोटो उघडून बघायचे. न उघडलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही.

शेजारपाजारच्या कामांबद्दल विचाराल तर करा, पण हद्द आखून. नोव्हेंबर आला की कॉलनीतल्या निवृत्तांची जीवन प्रमाणपत्रांची घाई सुरू होते. 2014 पासून ते डिजिटल काढता येतं, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. त्या महिन्यात माझ्याकडे आजोबांची रांग असते. खिडकीसमोर खुर्ची मांडून उजेड नीट तोंडावर घ्यायचा, चष्मा काढायला सांगायचा आणि "डोळे मिचकवा" हे दोनदा मोठ्याने म्हणायचं, एवढंच तंत्र. मात्र ओटीपी त्यांनीच वाचायचा, त्यांनीच टाकायचा. पासवर्ड त्यांच्या डायरीत, माझ्या डोक्यात नाही. कोणी कितीही प्रेमाने म्हणालं, "अगं, तूच लक्षात ठेव ना," तरी नाही.

नोकरीत या छंदाचा उपयोग होतो, पण सांगतात तसा होत नाही. मी अकाउंट्समध्येच आहे, आयटीत गेले नाही. महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे माल विकणाऱ्या पार्ट्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटीची यादी, तयार होते आणि ती खरेदीच्या नोंदींशी ताडून बघायची असते. पार्टीने बिल नंबर भरलेला '007/24-25', आमच्या माणसाने टाकलेला नुसता '7'. एक्सेलला हे दोन वेगळे वाटतात, म्हणून माणूस बसून बोटाने ओळी जुळवतो. घरच्या मशीनवर पायथन शिकले होते, त्यात रेघा आणि पुढची शून्यं काढून, वर्षाचा तुकडा वेगळा करून, पार्टीचा जीएसटी नंबर आणि रक्कम मिळून जुळवणी करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. बनावट आकड्यांवर घरी तपासला, साहेबांना विचारून मगच ऑफिसात चालवला. ऑफिसचा डेटा पेन ड्राइव्हवर घरी आणायचा नाही, आणि ऑफिसच्या मशीनवर न विचारता काही बसवायचं नाही. कितीही चांगल्या हेतूने केलेलं असो, नोकरी जाते.

सरकारी नोकरीकडे बघणाऱ्यांनी मध्य प्रदेशातली सीपीसीटी ही कॉम्प्युटर आणि टायपिंगची परीक्षा डोक्यात ठेवावी. तिच्यात हिंदी टायपिंग युनिकोडवर (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत) असतं आणि इनस्क्रिप्ट किंवा रेमिंग्टन गेल असे कीबोर्ड चालतात. बाजारात अजून कृतिदेव हा जुना फॉन्ट शिकवणारे पुष्कळ आहेत. कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आपण मराठी माणसांनी तर इनस्क्रिप्टच शिकावं, कारण त्याच बोटांनी मराठी येतं. शिफ्ट धरून एन दाबला की ळ, शिफ्ट धरून जे दाबला की 'वाऱ्या'तला ऱ. वेगळं काही शिकावं लागत नाही.

आणि ज्यांना खरंच याच क्षेत्रात जायचं आहे, सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांच्या काचा बघून ज्यांचा जीव खालीवर होतो, त्यांनी डिग्री पूर्ण करावी. तिथलं दार बहुतेकदा डिग्री बघूनच उघडतं. डिग्री आयटीची नसेल तर हेल्पडेस्क आणि नेटवर्कची फिरती कामं ही सुरुवातीची जागा. तिथे विचारतात ते साधंच असतं: आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता, मिळत नाही तर आधी काय बघशील, नावाने साइट उघडत नाही पण आकड्याने उघडते, म्हणजे बिघाड कुठे? ज्याने घरच्या जुन्या दोन मशीनांना एकमेकांशी बोलतं केलंय, त्याला याची उत्तरं पाठ करावी लागत नाहीत.

हार्डवेअर-नेटवर्किंगच्या क्लासला फी भरायच्या आधी एक दिवस नुसतं बसून बघायची परवानगी मागा. बोर्डावर काय लिहिलंय ते सोडा, लॅबमध्ये जा. कॅबिनेटांची झाकणं निघत असतील, स्क्रू हरवलेले असतील, कोपऱ्यात उघडी मदरबोर्ड पडलेली असतील तर बसा. कॅबिनेटांना सील लावलं असेल आणि "मॅडम, हाथ मत लगाना" असं कोणी म्हणालं, तर पैसे खिशात ठेवून सिल्व्हर मॉलला जा आणि त्यात एक जुना डेस्कटॉप घेऊन या.