स्टँडिंग डेस्क घेताय की बनवून घेताय? आधी या चुका टाळा

मी नागपूरच्या रामदासपेठेत एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करतो, टॅली आणि जीएसटीचे रिटर्न, म्हणजे सकाळी 10 ला खुर्चीत बसलं की जेवायलाच उठायचं आणि जेवून परत बसलं की थेट 7 वाजतात, त्यात मानेवाड्याहून येता-जाता गाडीवर बसणं आणि घरी सोफ्यावर बसणं धरलं तर 11-12 तास बसूनच जातात. कंबर धरली तेव्हा आम्ही चौघांनी मिळून उभं राहून काम करता यावं म्हणून एकाच सुताराकडून टेबलावर ठेवायचे चार प्लायचे स्टँड बनवून घेतले. सहा महिन्यांनी दोनच वापरात होते, बाकी दोन स्टँडवर फायली. असं बऱ्याच ऑफिसात होऊन राहिलं आहे म्हणून आमच्याकडे काय काय चुकलं ते लिहितो.

सगळ्यात मोठी चूक पहिल्याच दिवशी. मी उत्साहात 5 तास उभा राहिलो, रात्री टाचा ठणकायला लागल्या आणि पुढचे चार दिवस स्टँडकडे बघवेना. शरीराला सवय नसते हो. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी 2015 मध्ये ऑफिसवाल्यांसाठी जो सल्ला दिला तोसुद्धा कामाच्या वेळेत सुरुवातीला एकूण 2 तास आणि मग हळूहळू 4 तासांपर्यंत असा होता, आणि ते 2 तास नुसते उभं राहण्याचे नाहीत, उभं राहणं आणि इकडेतिकडे चालणं दोन्ही मिळून. तासातली 15 मिनिटं उभं राहून सुरुवात करा, दोन आठवड्यांनी 20-25 करा, बस.

एका जागी खिळून उभं राहणं हे बसण्यावरचं औषध नाहीच. आपल्या पोटऱ्या हलल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं, पुतळ्यासारखं उभं राहिलं की ते खालीच साचतं, पाय जड होतात, नसा फुगतात. इतवारीत कपड्याच्या दुकानात दिवसभर उभे असणाऱ्या सेल्समनला किंवा सलूनवाल्याला विचारून बघा. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 83,000 लोकांची माहिती तपासली, त्यात जास्त उभं राहिल्यानं हृदयाला फायदा दिसला नाही आणि दिवसाला 2 तासांच्या वर उभं राहणाऱ्यांमध्ये नसा फुगण्यासारख्या त्रासांचा धोका वाढलेला दिसला. बसण्याच्या धोक्याची चर्चा जिथून सुरू झाली तो 1953 चा लंडनच्या बसचा अभ्यासही असाच नीट वाचावा लागतो. ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरना हृदयविकार कमी होता, पण कंडक्टर नुसते उभे नव्हते, दुमजली बसच्या जिन्यावर दिवसभर वर-खाली करत होते. म्हणून टेबल उंच केलं तरी अर्ध्या तासानं दोन-चार मिनिटं पाय मोकळे करायलाच हवेत. मी मोठी बाटली टेबलावर ठेवणं बंद केलं, छोटी ठेवतो, ती संपली की माठापर्यंत चालत जावं लागतं.

आता उंची, इथे आमचा खरा घोळ झाला. उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजा, चपला-बूट जे ऑफिसात घालता ते घालूनच. माझी उंची 5 फूट 7 इंच, कोपर साधारण 42 इंचावर येतं. ऑफिसचं टेबल 30 इंच, कीबोर्डची जाडी 1 इंच, म्हणजे मला 11 इंचाचा स्टँड लागतो. सुताराला आम्ही चारही स्टँड याच मापाचे सांगितले! आमच्या टीममधल्या ताई 5 फूट 1 इंच, त्यांचं कोपर 38-39 इंचावर, त्यांना तो स्टँड सरळ साडेतीन इंच उंच पडत होता, टाइप करताना खांदे वर उचललेले राहायचे आणि संध्याकाळी मान आखडायची, आणि त्यांना वाटायचं की उभं राहणंच आपल्याला सोसत नाही.

लॅपटॉपवाल्यांची अजून एक अडचण. कीबोर्ड कोपराच्या उंचीवर आणला की स्क्रीन खाली जाते आणि मान वाकते, स्क्रीन डोळ्यासमोर आणली की हात वर जातात, दोन्ही एकदम जमतच नाही. वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, लॅपटॉप अजून एका खोक्यावर असा चढवा की स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल आणि अंतर साधारण एक हात राहील. मान दुखत असेल तर स्क्रीन खाली आहे, खांदे दुखत असतील तर कीबोर्ड वर आहे, मनगट दुखत असेल तर बहुतेक ते टेबलाच्या कडेवर टेकतंय. आधी हे तपासा, मग मलम.

पैशाचं म्हणाल तर बटण दाबून वर-खाली होणारे डेस्क चांगलेच असतात पण त्यांची किंमत हजारांत जाते आणि सवय लागेल की नाही हे आधी कुठं माहीत असतं? लकडगंजात 19 एमएमची प्लाय कापून मिळते, जवळचा सुतार तासाभरात ठोकून देतो, आम्हाला एक स्टँड 1400 रुपयांना पडला. फक्त मागून आडवी पट्टी मारायला सांगा, नाहीतर टाइप करताना सगळं डुलतं. एकानं संत्र्याच्या लाकडी खोक्यावर लॅपटॉप ठेवला होता, माप कळायला दोन दिवस ते ठीक आहे पण रोजच्यासाठी नको.

फरशीचा विचार कोणीच करत नाही. टाइल्सवर पातळ चपलेत उभं राहिलं की टाच जाणारच, खाली जाड रबरी मॅट टाका, आणि घरातला एखादा जुना पाट आणून ठेवा, एक पाय पाटावर एक खाली, थोड्या वेळानं बदलायचा, कंबरेला फार आराम पडतो. गुडघे ताठ करून उभे राहू नका.

एप्रिल-मे आपल्या नागपुरात वेगळाच. पारा 45 च्या पुढे, घाम जातो, पाणी कमी पडतं, अशात दुपारी उभं राहिलं की बीपी खाली येऊन डोळ्यापुढे अंधारी येऊ शकते. कूलरची हवाही बसलेल्या माणसाच्या हिशोबानं सोडलेली असते, उभ्या माणसाला लागतच नाही. उन्हाळ्यात उभं राहायचं ते सकाळी, आणि चक्कर वाटली तर लगेच बसा. पायाच्या नसा फुगलेल्या असतील, बीपी कमी राहत असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन कमी होईल म्हणून उभे राहत असाल तर तेवढं डोक्यातून काढा, बसण्यापेक्षा उभं राहण्यात मिनिटाला जेमतेम 0.15 कॅलरी जास्त जातात, 3 तासांच्या 27, तर्री पोह्याच्या एका प्लेटमध्ये याच्या कितीतरी पट असतात. त्यासाठी अंबाझरी तलावावर चालायला जा.

कोणतं काम उभ्यानं करायचं हेही ठरवून घ्या. फोन, मेल वाचणं, व्हाउचर तपासणं उभ्यानं छान होतं, बारीक आकड्यांची जुळवाजुळव बसूनच करा, नाहीतर चुका होतात आणि राग स्टँडवर निघतो. पहिला आठवडा लोक विचारतील, "काय भाऊ, खुर्ची मोडली का?" विचारू द्या.

ताईंचा स्टँड मागच्या महिन्यात परत सुताराकडे नेला, साडेतीन इंच कापून आणला, फायली कपाटात गेल्या. आता पार्टीचा फोन आला की त्या उठून उभ्या राहतात आणि बोलून झालं की बसतात. चौथा स्टँड अजून रिकामा आहे, त्याच्या मालकाचं कोपर सोमवारी मोजायचं ठरलं आहे.